जाताना बोलायचं ते मागे राहणाऱ्यांसाठी

नगर जिल्ह्यात नोकरी बदलली म्हणून गाव बदलत नाही. नागापूरच्या एमआयडीसीतून बाहेर पडलेला माणूस सुप्याला लागतो, साखर कारखान्याच्या शेती खात्यातला कारकून पतसंस्थेत जातो; पण राहायला असतो केडगावात, बोल्हेगावात नाहीतर सावेडीतच. जुने साहेब लग्नात भेटतात, जुने सोबती भाजीबाजारात. नव्या कंपनीचा एचआर जुन्या कंपनीच्या एचआरला नावानं ओळखतो. त्यामुळं राजीनामा लिहायला बसलेल्या प्रत्येकाला एकच प्रश्न छळतो : इथं काय चुकतंय ते सांगून जावं, की ‘घरगुती कारण’ लिहून, सगळ्यांना हात जोडून निघावं?

माझी उमेदीची वर्षं आधी टाइम ऑफिसमध्ये आणि पुढं एचआरमध्ये गेली. मीही नोकऱ्या सोडल्या आणि सोडून जाणाऱ्यांचे कागदही माझ्याच हातून गेले. टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून जे कळलं, ते इथं क्रमानं मांडतो.

१. आधी स्वतःला विचारा : हे मी कुणासाठी सांगतोय?

आपल्या बोलण्यानं मागे राहणाऱ्यांचं भलं होणार असेल, तर बोललंच पाहिजे. नुसतं मन मोकळं करायचं असेल, तर त्यासाठी घरचे आहेत, मित्र आहेत.

एका कंपनीत अपघात नोंदवही माझ्याकडं होती. प्रेस शॉपमध्ये बोटांना इजा झाल्याच्या नोंदी अधूनमधून पडायच्या आणि कारणाच्या रकान्यात ठरलेले शब्द असायचे : ‘कामगाराचा निष्काळजीपणा’. पॉवर प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकाच वेळी दाबली तरच रॅम खाली येतो, म्हणजे हात डायमध्ये राहूच शकत नाही. नोकरी सोडून चाललेला एक डाय सेटर नो ड्यूजवर सही घ्यायला माझ्याकडं आला. सही झाल्यावर म्हणाला, “साहेब, एकदा माझ्याबरोबर शॉपमध्ये चला.”

त्यानं मला एका प्रेससमोर नेऊन उभं केलं. डाव्या बटणावर सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळली होती. बटण कायमचं आत दाबलेलं. पट्टीवर ग्रीस आणि धूळ बसून ती इतकी काळी झाली होती, की लांबून बटणाचाच भाग वाटावी. ऑपरेटर एका हातानं पत्रा सरकवत होता, दुसऱ्यानं उजवं बटण दाबत होता. “दोन्ही हात बटणावर ठेवले तर तासाचं टार्गेट निघत नाही,” सेटर म्हणाला. “माझं काय, मी चाललो. ही पोरं इथंच राहणार.”

पट्ट्या त्याच आठवड्यात निघाल्या आणि टार्गेटही नव्यानं मोजलं गेलं. वाहन उद्योगातल्या अपघातांवर ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था २०१९ पासून ‘क्रश्ड’ नावाचे अहवाल काढते. बोटं चेंगरण्याच्या अपघातांमागं पॉवर प्रेस हे सगळ्यांत मोठं कारण असल्याचं त्यांत पुन्हा पुन्हा दिसतं. त्या सेटरनं जाताना दाखवलेली गोष्ट किती मोलाची होती, हे असे अहवाल वाचले की कळतं.

२. बोलायची खरी वेळ नोकरीत असतानाची

अल्बर्ट हिर्शमन या अर्थतज्ज्ञानं १९७० मध्ये ‘एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी’ हे पुस्तक लिहिलं. संस्था बिघडू लागली की माणसापुढं दोन वाटा असतात, असं तो मांडतो : सोडून जाणं किंवा आवाज उठवणं. नगरच्या शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. १९५०-५१ च्या हंगामात लोणीला प्रवरेचा सहकारी कारखाना सुरू झाला. विठ्ठलराव विखे पाटलांचा पुढाकार होता आणि अध्यक्ष होते अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ. तेव्हापासून इथला सभासद दोन्ही वाटा ओळखून आहे. भाव पटला नाही, तोड वेळेवर आली नाही, तर वार्षिक सर्वसाधारण सभेत उभं राहून विचारायचं. नाहीतर ऊस दुसऱ्या कारखान्याला घालायचा.

हिर्शमनचा मुद्दा असा, की ज्यांना बिघाड सगळ्यांत आधी कळतो आणि खटकतो, तेच बहुधा सगळ्यांत आधी निघून जातात. मग मागे बोलणारं कुणी उरत नाही आणि बिघाड आणखी वाढतो. नोकरीतही हेच मी पाहिलं. ज्याला मशीनची नाडी कळते, हिशेबातली गोम दिसते, तो गप्प राहतो, दुसरीकडं मुलाखत देतो आणि जातो. राजीनामा हातात असलेल्या माणसाचं बोलणं ऐकणारा म्हणतो, “हा तर चाललाच आहे.” तेच बोलणं सहा महिने आधी झालं असतं, तर त्याला वजन आलं असतं. म्हणून जी गोष्ट जाताना सांगावीशी वाटते, ती आधी एकदा तरी, शक्यतो लेखी, सांगून झालेली असावी. मग शेवटच्या दिवशी फक्त तिची आठवण द्यावी लागते.

३. तक्रारी एका ढिगात टाकू नका

जाणाऱ्याच्या मनात सगळं एकत्र झालेलं असतं : रखडलेली पगारवाढ, सुपरवायझरचा आवाज, कँटीनची आमटी, बंद पडलेला सेन्सर. कागद घ्या आणि तीन भाग करा.

पहिल्या भागात जीव, पैसा आणि अब्रू यांच्याशी संबंधित गोष्टी : सुरक्षेची साधनं नसणं, खोट्या नोंदी, बाईमाणसाला होणारा त्रास, कामगाराच्या पगारातून कापलेला पण न भरलेला पीएफ. हे सांगणं कर्तव्य आहे. दुसऱ्या भागात कामाची पद्धत : शिफ्ट बदलताना नीट चार्ज न देणं, एकाच माणसावर तिघांचा भार. हे सांगितलं तर उपयोग होतो. ऐकणारा बरा असेल तर जरूर सांगावं. तिसऱ्या भागात स्वभाव आणि मतभेद. हे तिथंच सोडून द्यावं.

मतभेद म्हणजे दोष नव्हे. ‘केसरी’चे पहिले संपादक गोपाळ गणेश आगरकर १८८७ मध्ये ‘केसरी’तून बाहेर पडले. आधी सामाजिक सुधारणा की आधी राजकीय, यावर टिळकांशी त्यांचं पटेना. १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ काढला आणि आपली मतं तिथं ठामपणे मांडली. कंपनीनं अमुक माल बनवावा की तमुक, शाखा कुठं काढावी, यावर आपलं पटत नसेल, तर त्याला उत्तर आपल्या पुढच्या कामानं द्यावं.

४. राजीनाम्याच्या पत्रात दोन ओळी पुरेत

आपल्याकडं सविस्तर राजीनाम्याची मोठी उदाहरणं आहेत. टिळकांनी १८९० मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडली तेव्हा कारणांचं दीर्घ निवेदन लिहिलं होतं. पण ते त्या संस्थेच्या संस्थापकांपैकी एक होते आणि वाद संस्थेच्या मूळ तत्त्वांचा होता. आपलं पत्र फाइलला लागतं आणि पुढं अनुभवाचा दाखला देताना, चौकशीचा फोन आल्यावर, अनोळखी माणूस ते वाचतो. त्यात तारीख, नोटीस पिरियड आणि आभार एवढंच असावं.

जे सांगायचं ते वेगळ्या कागदावर, वेगळ्या तारखेनं द्यावं. दोन्ही एकत्र केले, की तक्रार ही राजीनाम्याची कैफियत ठरते आणि राजीनामा मंजूर झाला की तक्रारही निकालात निघाल्यासारखी होते. कागद वेगळा असला, की त्याला स्वतंत्र उत्तर द्यावं लागतं.

५. ज्याच्या हातात बदल आहे, त्याच्यापर्यंत पोचा

एक्झिट इंटरव्ह्यूचं पुढं काय होतं, ते मी आतून पाहिलं आहे. फॉर्मवर कारणाचे रकाने असतात : चांगली संधी, पगार, कौटुंबिक, इतर. वर जातो तो महिन्याचा तक्ता, त्यात किती गेले आणि कुठल्या रकान्यात किती. ‘इतर’मध्ये माणसानं काळजावर दगड ठेवून काय सांगितलं, ते तक्त्यात बसत नाही. मी ते वेगळं लिहून प्लँट हेडकडं न्यायचो, पण सगळीकडं तसं होईल याची खात्री नाही. म्हणून बोलण्याआधी थेट विचारा, “साहेब, हे कुणाकडं जाईल?” उत्तर गुळमुळीत आलं, तर तोच कागद कारखाना व्यवस्थापकाच्या नावे द्या.

काही गोष्टींना तर एक्झिट इंटरव्ह्यू ही जागाच नव्हे. लैंगिक छळाची तक्रार २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समितीकडं लेखी करायची असते आणि तिला शेवटच्या घटनेपासून ३ महिन्यांची मुदत असते. सबळ कारण असेल तर समिती ती आणखी ३ महिने वाढवू शकते. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या ठिकाणी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं जाता येतं. ‘जाताना सांगेन’ म्हणत थांबलेल्या बाईची मुदत निघून जाते, म्हणून हे प्रत्येक मुलीला रुजू होतानाच माहीत असावं. यंत्रांच्या सुरक्षिततेबद्दल आत कुणी ऐकत नसेल, तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय आहे. तक्रार कुणी केली हे निरीक्षकानं गुप्त ठेवावं, अशी तरतूद तेव्हाच्या कारखाने कायद्यात १९८७ च्या दुरुस्तीनं आली, ती अशाच माणसांसाठी.

६. तारीख, जागा आणि आकडा सांगा

माझा भाचा एका पतसंस्थेत क्लार्क होता. दुसरीकडं काम मिळालं तसा घरी आला आणि म्हणाला, “मामा, जाताना सगळं बोलून टाकू का?”

“काय बोलणार?”

“मॅनेजर लबाड आहे म्हणून.”

“लबाड म्हणजे काय? कुठलं खातं, कुठली तारीख?”

मग हळूहळू बाहेर आलं. सोनेतारण कर्जाच्या काही अर्जांवर व्हॅल्युअरची सही होती, पण निव्वळ वजनाचा रकाना कोरा होता. सह्या आधी घेऊन ठेवायच्या आणि आकडे मागून भरायचे, असा प्रकार. आम्ही एका पानावर तेवढंच लिहिलं : कर्जखात्यांचे क्रमांक, तारखा, कोणता रकाना कोरा. मॅनेजरच्या स्वभावाबद्दल एक शब्द नाही. कागदपत्रांच्या झेरॉक्स घरी आणायच्या नाहीत, मोबाइलवर फोटो काढायचे नाहीत, असंही त्याला बजावलं. ग्राहकांचे कागद आपल्या मालकीचे नसतात. पत्र अध्यक्षांच्या नावे, प्रत लेखापरीक्षकांना. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि गोल शिक्का घेतला. हे सगळं झालं आणि मग त्यानं राजीनामा दिला. तारण सोन्याची पाकिटं पुन्हा उघडून वजन झालं, हे त्याला तिथल्या सोबत्यांकडून नंतर कळलं.

आपल्या जिल्ह्यात ही गोष्ट फार मोलाची आहे. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत ठेव विम्याचं कवच असतं; पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं. १९१० मध्ये स्थापन झालेल्या नगर अर्बन बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेनं ऑक्टोबर २०२३ मध्ये रद्द केला, तेव्हा ठेवीदारांच्या घरात काय चाललं होतं, ते आपण सगळ्यांनी जवळून पाहिलं. पतसंस्थेच्या काउंटरवर बसणाऱ्या माणसाला कोरा रकाना दिसतो, ठेवीदाराला दिसत नाही. आत कुणी दाद दिली नाही, तर सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयाचं दार आहे.

७. आपल्या हक्काचं काय आहे, ते आधी समजून घ्या

पुष्कळ माणसं गप्प राहतात, कारण फुल अँड फायनल अडकेल, पीएफ मिळणार नाही, अशी धास्ती असते. ही धास्ती अर्धी तरी अज्ञानातून येते. सलग ५ वर्षं सेवा झालेल्याला ग्रॅच्युइटी हा कायद्यानं दिलेला हक्क आहे. शेवटचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून २६,००० रुपये असेल आणि सेवा ८ वर्षांची, तर दर वर्षाला १५ दिवसांप्रमाणे १,२०,००० रुपये होतात आणि ते ३० दिवसांत द्यावे लागतात. ‘तू फार बोललास’ म्हणून ते रोखता येत नाहीत. पीएफ आपल्या यूएएनवर असतो. कंपनीनं बाहेर पडल्याची तारीख टाकली नाही, तर शेवटच्या भरण्यानंतर २ महिन्यांनी ती आपली आपल्याला ऑनलाइन नोंदवता येते.

अडवणूक होऊ शकते ती रिलिव्हिंग लेटर आणि अनुभवाच्या दाखल्याबाबत, आणि नव्या नोकरीसाठी नेमकी त्यांचीच गरज असते. म्हणून पगाराच्या स्लिपा, नेमणुकीचं पत्र, पगारवाढीची पत्रं वेळच्या वेळी जपून ठेवा. पुरावे हातात असले, की खरं बोलताना आवाज कापत नाही.

८. काम पूर्ण करून बोललेलं ऐकलं जातं

या विषयावरचं सगळ्यांत मोठं उदाहरण बाबासाहेब आंबेडकरांचं आहे. २७ सप्टेंबर १९५१ रोजी त्यांनी कायदेमंत्रिपदाचा राजीनामा पंतप्रधान नेहरूंकडं दिला; लगेच मोकळं करा असं त्यांचं म्हणणं होतं, पण पंतप्रधानांनी विनंती केली म्हणून अधिवेशन संपेपर्यंत त्यांनी काम पाहिलं. ऑक्टोबरमध्ये ते संसदेत निवेदन करणार होते. उपाध्यक्षांनी निवेदनाची प्रत आधी मागितली, त्यावरून वाद झाला, बाबासाहेब सभागृहातून बाहेर पडले आणि निवेदन वृत्तपत्रांना दिलं.

त्या निवेदनाच्या सुरुवातीलाच हा आपला प्रश्न आहे. काही मंत्री काही न बोलता जातात, काही निवेदन करून जातात. आपणही या दोहोंत घुटमळत होतो, असं ते सांगतात. आणि निष्कर्ष काढतात की निवेदन करणं नुसतं आवश्यक नाही, ते सभागृहाप्रती कर्तव्य आहे. मंत्री मुकाट्यानं गेले तर मंत्रिमंडळात आत काय चालतं, ते सभागृहाला कळणार कसं? मग एकेक कारण मुद्देसूद येतं : अनुसूचित जातींकडं झालेलं दुर्लक्ष, परराष्ट्र धोरण, रखडवलेलं हिंदू कोड बिल. आज इतक्या वर्षांनीही ते निवेदन वाचलं जातं, कारण त्यातली कारणं लोकांच्या हिताची आहेत.

आपली नोकरी लहान असते, पण रीत तीच आहे. नोटीस पिरियड पूर्ण करावा, नव्या माणसाला काम नीट हातात द्यावं, चाव्या, फाइली, पासवर्ड सोपवावेत. अर्धं काम टाकून गेलेल्याची तक्रार कितीही खरी असली, तरी त्याच्या टाकलेल्या कामाचीच चर्चा होते.

९. जो गप्प राहतो त्याला भित्रा म्हणू नका

पाथर्डी-शेवगावकडचा ठेक्यावरचा पोरगा, ज्याचे आईबाप हंगामात ऊसतोडीला जातात, जो चौघांत मिळून खोली करून राहतो आणि ज्याला उद्या गेटवर ‘आजपासून येऊ नको’ एवढंच सांगितलं जाऊ शकतं, त्याच्याकडून मी धैर्याची अपेक्षा कशी करू? तो खरं बोलला तर त्याच दिवशी त्याच्या ताटातली भाकरी जाते. एकटीच्या कमाईवर घर चालवणाऱ्या बाईचंही तेच.

त्यांचं बोलणं आपण बोलायचं. ज्याची दुसरी नोकरी पक्की आहे, ज्याच्या हातात नेमणुकीचं पत्र आहे, ज्याला घर चालवण्याची लगेच चिंता नाही, त्यानं. आणि बोलताना त्यांची नावं घ्यायची नाहीत. ‘मी पाहिलं’, ‘माझ्या शिफ्टला असं झालं’ असं स्वतःच्या नावानं सांगायचं. जो जातोय त्याच्या हातात एवढी ताकद असते आणि ती फार थोडे दिवस असते.

१०. ऐकणाऱ्यांनो, तुम्हीही सुधारा

हा शेवटचा मुद्दा मालकांना, साहेबांना आणि माझ्याच पेशातल्या लोकांना. माणूस निघाल्यावर जे विचारता, ते तो कामावर असताना विचारा. सांगणाऱ्याचा त्या बोलण्यावरून पाणउतारा झाला, तर बाकीचे शंभर जण त्यातून काय शिकायचं ते शिकतात. आणि जाताना कुणी काही सांगितलंच, तर त्यावर काय केलं ते महिन्याभरात त्याला फोन करून कळवा. मी हे करत आलो. फोन ठेवताना माणसाच्या आवाजात जे समाधान असतं, त्यातून कंपनीचं नाव नागापूरपासून सुप्यापर्यंत आपोआप चांगलं होतं.

आणि जो आज राजीनामा लिहायला बसला आहे, त्याला एवढंच सांगेन : तुमच्या जागेवर पुढच्या महिन्यात कुणीतरी नवं पोरगं रुजू होणार आहे. त्याच्या जिवाला, पैशाला किंवा अब्रूला जिथून धोका आहे, ते कागदावर लिहा, योग्य माणसाच्या हातात द्या, पोच घ्या आणि मगच गेटबाहेर पडा.